गोदारीच्या अल्याडची अम्मा

शकुबाई खोब्रागडेंनी झाडीपट्टीच्या रंगभूमीवर बत्तीस हंगाम काढले. दिवाळी झाली की पेटी भरायची आणि होळीपर्यंत आज नागभीडकडे तर उद्या कुरखेड्याकडे, असं गावोगाव फिरायचं. आधी त्या नायिकेची बहीण झाल्या, मग नायिका, मग खाष्ट सासू आणि शेवटची दहा वर्षं आई. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मंडळी सोडावी लागली. सिंदेवाही तालुक्यातलं घर भावाच्या ताब्यात देऊन त्या बल्लारपुरात लेकीकडे राहायला आल्या. लेक दीपिका एसटीत कंडक्टर. ती पहाटेच ड्युटीवर जायची आणि दिवसभर दोन खोल्यांत शकुबाई एकट्याच. त्यांना दुःख असं नव्हतं. फक्त शेजारीण बोलायला आली की त्या म्हणायच्या, "एवढा मोठा आवाज या घरात कुठी ठेवू, सांग."

हिवाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस चंचल गड्डम त्यांच्याकडे आली. चंचल कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या वसाहतीत राहणारी, नाट्यशास्त्रात एम. ए. करणारी मुलगी. आदल्या वर्षी अभ्यासासाठी ती शकुबाईंच्या दोन-तीन मुलाखती घेऊन गेली होती, त्यामुळे ओळख होती. यावेळी तिनं आधी चहा संपवला. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्या नाटकात आईचं काम कराल का? नाटक तेलुगूत आहे."

शकुबाईंना वाटलं पोरगी थट्टा करून राह्यली. तेलुगूतलं त्यांना बसमध्ये कानावर पडलेलं 'रा' आणि 'पो', म्हणजे ये आणि जा, एवढंच माहीत होतं. पण चंचल थट्टा करत नव्हती.

तिचे आजोबा राजमल्लू गड्डम एकाहत्तर साली करीमनगरकडच्या आपल्या गावातून गोदावरी ओलांडून इकडे आले आणि कोळशाच्या खाणीत उतरले. तेव्हा त्यांच्यासारखी शेकडो माणसं येत होती. बायकापोरं गावात, माणूस इकडे. सुट्टीच्या दिवशी ही माणसं एकत्र बसायची, पेटीवर पदं म्हणायची. त्यातूनच राजमल्लूंनी एकोणऐंशी साली एक नाटक लिहिलं, 'गोदारी अवतल'. म्हणजे गोदावरीच्या पल्याड. मुलगा नदी ओलांडून कोळसा काढायला जातो आणि आई अलीकडच्या काठावर त्याची वाट पाहते, एवढीच गोष्ट. पण ती प्रत्येकाच्या घरातली होती. दर संक्रांतीला वसाहतीच्या मैदानात ते नाटक व्हायचं. घुग्गुस, राजुरा, भद्रावतीहून माणसं डबे बांधून यायची. आईचं काम करायला मंचेरियालहून मल्लक्का नावाची बाई बोलवायचे. ती रडू लागली की मैदानात कोणाचेच डोळे कोरडे राहत नसत.

पुढे बायकापोरं इकडे आली, पोरं मराठी शाळेत गेली, घरोघरी टीव्ही आले. मल्लक्का वारली. अठ्ठ्याण्णवनंतर नाटक झालंच नाही. वही लोखंडी पेटीत गेली आणि राजमल्लूंनी ती परत काढली नाही.

ती बाहेर निघाली चंचलमुळे. तिला अभ्यासक्रमात जगभरच्या रंगभूमीवर एक पेपर होता आणि त्यात न्यूयॉर्कच्या यिडिश रंगभूमीचा भाग तिला फार आवडला होता. एका दुपारी आजोबांचे पाय चेपता चेपता ती त्यांना सांगत बसली. पूर्व युरोपातले गरीब ज्यू लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत आले. कपडे शिवायच्या कारखान्यांत दिवसभर राबायचे. यिडिश ही त्यांची घरातली बोली. शिकलेले लोक तिला नाकं मुरडायचे, पण नाटक तिच्यातच व्हायचं. भाड्याला पैसे नसले तरी तिकिटाला असायचे. पोरंबाळं, खाणंपिणं घेऊन लोक थिएटरात यायचे, मोठमोठ्यानं रडायचे, आपल्या लाडक्या नटावरून भांडणं करायचे, मध्येच उठून रंगमंचावरच्या माणसाशी बोलायचे. मागे राहिलेल्या आईचं नाटक असलं की थिएटर भरलंच समजा.

राजमल्लू उठून बसले. त्यांनी विचारलं, तिथे कोळशाच्या खाणी होत्या का. चंचल म्हणाली, नाही, शिलाई मशिनी होत्या. त्यांनी थोडा विचार करून तेही चालेल अशी मान हलवली. मग विचारलं, "अन् पोरं? पोरं पाहायची का नाटक?"

"पोरं इंग्रजी बोलायला लागली तात्या. हळूहळू थिएटरं रिकामी पडली."

"मंग खतम झालं."

"पूर्ण नाही. अजून करतात थोडे लोक. पण आता कित्येक नटांना ती भाषाच येत नाही. कानानं ऐकून ऐकून पाठ करतात, अर्थ समजून घेतात आणि उभे राहतात."

 संध्याकाळी राजमल्लूंनी पलंगाखालची पेटी ओढायला लावली.

वही तेलुगू लिपीत होती. चंचलला तेलुगू बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. मग आजोबा वाचायचे आणि ती देवनागरीत उतरवून घ्यायची. महिनाभरात नाटक उतरलं. वसाहतीच्या मंडळानं संक्रांतीनंतरचा रविवार ठरवला. मुलगा, नावाडी, मुकादम ही कामं करायला पोरं मिळाली. आई मिळेना. वसाहतीतल्या बायका लाजायच्या आणि ज्या लाजत नव्हत्या त्या सिनेमातल्यासारखं बोलायच्या. चंचलनं स्वतः करून पाहिलं, तर आजोबांनी अर्ध्या प्रवेशातच वही मिटली. तेव्हा तिला शकुबाई आठवल्या.

हे सगळं ऐकून शकुबाईंनी नकारच दिला. त्यांच्या तोंडात ती भाषा बसणार नाही, लोक हसतील, आणि या वयात हसू करून घ्यायची हौस नाही. चंचल गेली. पण दीपिका घरी आली तेव्हा आईनं तिला दोनदा जेवायला वाढलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, तशी तिनं काय झालं ते काढून घेतलं. दीपिका हसून म्हणाली, "माय, तुमच्या झाडीपट्टीत तरी पाठांतर कोण करते? प्रॉम्प्टर खाली बसून वाक्य फेकते अन् तुम्ही वर झेलता. तू काय मराठीच झेलत होती का? आवाजच झेलत होती न?"

हे खरं होतं. हंगामात रोज वेगळं गाव, कधी वेगळं नाटक. रंगमंचाच्या खालून दबलेल्या आवाजात प्रॉम्प्टर वाक्य सोडायचा आणि ते जमिनीला टेकायच्या आत शकुबाई त्याला आपलं करून टाकायच्या. बत्तीस हंगाम त्यांनी हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ऑटो करून स्वतःच वसाहतीत गेल्या.

राजमल्लूंना ही बाई मनातून पसंत नव्हती. नातीनं कानानं शिकणाऱ्या नटांची गोष्ट सांगितली होती खरी, पण आपली अम्मा झाडीतली असावी हे त्यांना जड जात होतं. त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं पहिलं वाक्य टाकलं, "कोडुका, बुव्व तिन्नवा?"

शकुबाईंनी ते उचललं नाही. त्यांनी विचारलं, "भाऊ, हे बोलताना या बाईच्या हातात काय हाय?"

राजमल्लूंनी वहीवरून मान वर केली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मल्लक्कानंही नाही. ते म्हणाले, गाठोडं असेल, भाताचं. मुलगा आज येईल म्हणून ती रोज दुपारी भात बांधून घाटावर जाते. आणि वाक्याचा अर्थ? लेकरा, जेवला का. एवढंच.

शकुबाईंनी पदराची गाठ हातात धरली, मान जरा पुढे काढली आणि ते वाक्य म्हटलं. उच्चार पुरता कच्चा होता. पण खोलीच्या दारात उभी असलेली चंचलची आई आत जाऊन डोळे पुसून आली. राजमल्लूंनी पुढचं पान उलटलं.

मग रोज दुपारी तालीम सुरू झाली. शकुबाईंना लिहिलेल्या कागदाचा उपयोग होत नव्हता, त्यांना आवाजच लागायचा. राजमल्लू एकेक वाक्य म्हणायचे, त्या मागून म्हणायच्या, आणि दर वाक्याला अर्थ विचारायच्या. काही शब्द त्यांना लगेच आवडले. मुलगा निघतो तेव्हा आई म्हणते, "पैलम कोडुका." पैलम म्हणजे सांभाळून, जपून. घरी दीपिका ड्युटीवर निघाली की त्या तिलाही पैलम म्हणू लागल्या.

वसाहतीत मात्र कुरकुर होती. आपल्यात एक बाई मिळू नये का, असं लोक म्हणायचे. सगळ्यात मोठ्यानं म्हणायचे ओदेलू. हे राजमल्लूंचे खाणीतले जुने सोबती, बहात्तर वर्षांचे, निवृत्त. रोज सकाळी लिंबाच्या पारावर बसून त्यांनी या नाटकाला 'भाड्याची अम्मा' असं नाव पाडलं होतं. एक दिवस ते तालमीलाही आले आणि शकुबाईंच्या पहिल्याच 'ळ'ला हसले. शकुबाईंनी थांबून त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि हा शब्द कसा म्हणायचा ते सांगता का जी, असं विचारलं. ओदेलूंना हसणं आवरतं घ्यावं लागलं. त्यांनी तीन शब्द नीट करून दिले आणि चपला घालून निघून गेले. परत फिरकले नाहीत.

राजमल्लूंनी नंतर सांगितलं, ओदेलूंच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. त्यांची आई गावात एकटी होती. चौऱ्याहत्तर साली ते इकडे आले तेव्हा पुढच्या सुगीला येतो म्हणून सांगून आले होते. ते गेले ते एकदम तिच्या दहाव्याला. त्या आधीच्या चार वर्षांत काय झालं, का जमलं नाही, हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही. जुन्या काळी हे नाटक व्हायचं तेव्हा ओदेलू नेमकी त्या दिवशी पाळी बदलून घ्यायचे. त्यांनी ते एकदाही पाहिलेलं नव्हतं.

शकुबाईंनी ऐकून घेतलं. फक्त गाठोड्यात खरा भात हवा, खोटं गाठोडं चालणार नाही, एवढं त्यांनी बजावलं.

रविवारी पाच वाजता मैदान भरलं. सतरंज्या कमी पडल्या, मग लोकांनी घरातून चटया आणल्या. म्हाताऱ्यांना पुढे खुर्च्या होत्या. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे प्रत्येकीकडे सकिनालूंचा डबा, आणि तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली ती कुरकुरीत कडी फोडल्याचा आवाज मैदानभर चाललेला. तरुण पोरं मागे मोबाईल धरून उभी होती. दीपिकाही ड्युटी संपवून खाकीतच आली होती. तिच्या शेजारी बसलेल्या आजीनं तिला सकिनालू दिली आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. दीपिकानं हो म्हणून मान हलवली. नंतर तिला कळलं की, तू आईचं काम करणारीची मुलगी का, असंच त्या विचारत होत्या.

पहिला अंक जेमतेम गेला. शकुबाई दोन ठिकाणी अडखळल्या. एका ठिकाणी शब्द असा काही निघाला की पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण राजमल्लू पडद्याच्या कडेला पाटावर बसून वाक्यं सोडत होते आणि हळूहळू शकुबाईंचा कान लागला. मुलाला निरोप देताना त्यांनी पैलम म्हटलं तेव्हा कोणी हसलं नाही.

दुसऱ्या अंकात घाट होता. निळी साडी पसरून केलेली नदी, आणि काठावर गाठोडं घेऊन बसलेली अम्मा. नावाड्यानं सांगितलेलं असतं की आजच्या नावेनं खाणीतली माणसं येणार आहेत. नाव येते, माणसं उतरून जातात, मुलगा त्यात नसतो. अम्मा रिकाम्या पाण्याकडे पाहून विचारते, "कोडुका, बुव्व तिन्नवा?"

शकुबाईंनी ते वाक्य पाण्याकडे न पाहता समोर, माणसांकडे पाहून म्हटलं. तालमीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मैदानात सकिनालू फोडल्याचा आवाज थांबला.

तिसऱ्या रांगेत ओदेलू उठून उभे राहिले. ते आले आहेत हे तोवर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तिनले, अम्मा," ते म्हणाले. नाही जेवलो, आई.

शेजारच्यानं त्यांचा हात धरून खाली ओढलं, पण त्यांनी तो सोडवून घेतला आणि बोलतच राहिले. आवाज चढलेला नव्हता. घरात बोलावं तसं ते बोलत होते. त्या सुगीला मी निघालोच होतो अम्मा. पगार घेतला होता, तुला लुगडं घेतलं होतं. मुकादमानं सुट्टी नाही म्हटलं, मग डबल पाळी लागली. मग मला लाज वाटायला लागली, एवढे दिवस गेलो नाही, आता कोणत्या तोंडानं जाऊ. दुसऱ्या वर्षी आणखी लाज वाटली. लुगडं पेटीतच राहिलं.

राजमल्लू वहीची पानं मागेपुढे करत होते. यातलं काहीच वहीत नव्हतं. शकुबाईंना सोडायला त्यांच्याजवळ वाक्य नव्हतं. आणि शकुबाईंना ओदेलूंच्या बोलण्यातलं 'अम्मा' सोडून काही कळत नव्हतं. नाट्यमंडळीत असताना त्यांचं एकदा छप्पर पडलं होतं, एकदा जनरेटर बंद पडला होता, एकदा नायकच पळाला होता. त्या प्रत्येक वेळी त्यांनी काहीतरी करून प्रवेश पुढे नेला होता. आता त्यांनी समोरच्या माणसाचा चेहरा पाहिला. मग गाठोडं मांडीवर घेऊन त्याची गाठ सोडली आणि आपल्या बोलीत म्हणाल्या,

"भुकेला असशीन न रे बाप्पा. ये, इथी बस. पह्यले जेवून घे, मंग बोल."

पन्नास वर्षं या मुलखात काढलेल्या माणसाला ते समजायला अडचण नव्हती. ओदेलू खुर्च्यांमधून वाट काढत आले, गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढले आणि निळ्या साडीच्या काठाशी मांडी घालून बसले. शकुबाईंनी पळसाच्या पानावर भात आणि वरून लोणच्याची फोड ठेवली. ओदेलूंनी चार घास खाल्ले.  मागे मोबाईल धरलेल्या पोरांचे हातही खाली आले होते.

खाऊन झाल्यावर शकुबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांना येत होतं त्यातलं एक वाक्य म्हटलं. "पैलम, कोडुका."

ओदेलूंनी त्यांच्या पायाला हात लावला आणि उतरून आपल्या जागेवर जाऊन बसले. राजमल्लूंनी पाटावरून पुढचं वाक्य सोडलं आणि शकुबाईंनी ते झेललं. शेवटच्या प्रवेशात मुलाचं पत्र येतं, आईला वाचता येत नाही, नावाडी ते वाचून दाखवतो. पत्र वाचून झालं तेव्हा लोकांनी 'वन्स मोअर' म्हणून ओरडायला सुरुवात केली आणि नावाड्याला ते पत्र आणखी दोनदा वाचावं लागलं. कार्यक्रम आठला संपायचा तो साडेआठला संपला.

त्यानंतर बायका स्टेजवर चढल्या. प्रत्येकीला शकुबाईंशी तेलुगूत बोलायचं होतं. मला येत नाही, असं शकुबाई म्हणत होत्या आणि त्या ऐकत नव्हत्या. शेवटी शकुबाईंनी सांगायचं सोडून दिलं आणि सगळ्यांना मान हलवत बसल्या. दीपिकाच्या पिशवीत आठ-दहा घरच्या सकिनालू आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओदेलू शकुबाईंच्या दारात आले. आत यायला संकोचत होते. माझ्यामुळे नाटक बिघडलं, असं ते म्हणाले. शकुबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. काल मी घाबरले होते. तुम्ही काय बोलत होता हे मला रात्री चंचलनं सांगितलं तेव्हा कळलं.

"मंग तुमी बोलावलं कसं, वर?"

"तुम्ही उपाशी दिसून राह्यले होते," शकुबाई म्हणाल्या. "त्याले भाषा कायले लागते?"

ओदेलूंनी सोबत एक पिशवी आणली होती. ती उघडून त्यांनी काही काढलं नाही, फक्त सांगितलं की मोठी सून म्हणते, चला गावाला जाऊन येऊ, आईच्या नावानं पाच बायकांना जेवू घालू. पेटीतलं लुगडं कधीच विरलं होतं, म्हणून नवीन घेतलंय. इथूनच गाडी पकडायला जातोय. शकुबाईंनी त्यांना चहा पाजून पाठवलं. ते आठवड्यानं परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर गावाकडचं ऊन लागलेलं होतं आणि पारावर बसून ते तिकडच्या विहिरींची, कालव्यांची लांबच लांब वर्णनं करत होते.

घुग्गुसच्या लोकांनी उगादीला, म्हणजे पाडव्याला नाटक बोलावलं आहे. राजुऱ्याचंही विचारणं आलं. पण राजमल्लू म्हणतात, जुनंच नाटक परत करायचं नाही, तिसरा अंक लिहायचा. त्यात अम्मा नदी ओलांडून इकडे मुलाकडे येते आणि शेजारीण झाडीतली बाई असते. अम्मा तिच्याशी तेलुगूत बोलणार, शेजारीण तिला झाडीबोलीत उत्तर देणार. दोन्ही कामं शकुबाईंनाच करायची इच्छा आहे, पण ते कसं करावं हे अजून कोणाला सुचलेलं नाही. चंचल म्हणते एक काम मी करते. आजोबा म्हणतात, आधी रडायला शीक.

सध्या ते रोज दुपारी शकुबाईंकडे वही घेऊन बसतात. काल वाद झाला तो पहिल्या दिवशी शेजारीण काय घेऊन येईल यावर. राजमल्लूंनी पोळी-भाजी लिहिली होती. शकुबाई म्हणाल्या, आमच्या झाडीतली बाई नव्या शेजारणीकडे पोळ्या घेऊन जात नाही, लाखोळीच्या डाळीचे वडे नेते. राजमल्लूंनी लाखोळी देवनागरीत कशी लिहितात ते चंचलला विचारलं. ओदेलू तिथेच होते. त्यांना आता नावाड्याचं काम मिळालं आहे आणि नव्या अंकात नावाड्याला चारच वाक्यं कशी, अशी त्यांची तक्रार आहे. अम्मा नदी ओलांडते ती कोणाच्या नावेतून, असा त्यांचा सवाल. राजमल्लूंनी वैतागून आणखी दोन वाक्यं लिहून दिली. ओदेलूंनी ती वाचली आणि म्हणाले, आणखी दोन.